सरपंचांचे हस्तक

माझ्या एका शब्दापायी ठरत आलेलं लग्न मोडत होतं, खोटं नाही सांगत. युद्ध नुकतंच संपलेलं, मी शेवगावात संस्कृतचा नवा मास्तर. शेजारच्या तात्यांच्या मुलीची सुपारी फुटायची होती. जामखेडच्या पाहुण्यांना ओळख करून देताना मी ऐटीत म्हणालो, "तात्या म्हणजे आमच्या सरपंचांचे हस्तक!"

मुलाचे वडील ताडकन उठले. "हस्तक? पेपरात रोज वाचतोय, शत्रूचे हस्तक पकडले म्हनून! चला रे, आमाला न्हाई करायची ही सोयरीक."

तात्या पांढरेफटक पडले. मी धावत जाऊन पाहुण्यांची वाट अडवली. "अहो, हस्त म्हणजे हात! हस्तक म्हणजे उजवा हात, पाठीराखा!"

शेवटी मुलाचे वडील पुन्हा खाली बसले. "बरं. पन मास्तर, पोरीबद्दल तुमी काई बोलू नगा."