गवंडीण

(सेलूजवळच्या नव्या शाळेचं जोतं. दुपारची सुट्टी. मजूर पळसाखाली भाकरी खात बसले आहेत. ओव्हरसियर किसनराव गुडघ्यावर फॉर्म घेऊन; समोर पुनाजी गवंडी आणि त्याची बायको शकुबाई.)

किसनराव : अखेरचं सांगतो, पुनाजी. सोमवारी वर्ध्याले परीक्षा हाय. टोळीत एक तरी पास गवंडी पाह्यजे. नाईतर जोत्याच्या वरचं काम आर्वीची टोळी करन. सरकारी योजनेची शाळा हाय ही, माह्या मनचं काई चालत नाई.

पुनाजी : चाळीस वर्सं भिंती बांधल्या, साहेब. केळझरच्या धर्मशाळेले जाऊन विचारा, मी पास हाव का नापास.

किसनराव : भिंत बोलते रे बावा, पण तिची बोली नागपूरच्या साहेबाले समजत नाई. त्याले कागदच वाचता येते.

पुनाजी : मंग त्यालेच बसवा शाळेत. बांधूनच राह्यलो आपण.

किसनराव : हासवू नको. भरू का फॉर्म? नाव, पुनाजी...

शकुबाई : थांबा साहेब. त्यायचं नाव नका लिहू.

किसनराव : काऊन?

पुनाजी : शकू, गप राह्य.

शकुबाई : लय दिवस गप राह्यली. साहेब, तो ओळंबा लटकला हाय ना कोपऱ्यावर, त्याची दोरी कोन्या रंगाची, ते विचारा त्यायले.

किसनराव : पुनाजी?

पुनाजी : पांढरी.

शकुबाई : लाल हाय. पोळ्याले म्या नवी बांधली. दोन वर्सं झाले साहेब, त्यायच्या डोळ्यांत दूध उतरलं. समोरचं माणूस सावलीवानी दिसते.

किसनराव : मंग हे कोपरे? हे सारं जोतं कोनं बांधलं?

शकुबाई : म्या. ते बाजूले बसून मसाला देतेत, हात फिरवून चूक सांगतेत. थापी माह्या हाती. तुमची सायकल दिसली का थापी त्यायच्या हाती देतो अन् मी घमेलं उचलतो.

किसनराव : अन् रजिस्टरात मी तुले रेजा लिहून राह्यलो! विटा देनारी, मसाला देनारी! दोघायनं मिळून फसवलं मले.

पुनाजी : भेवानं, साहेब. गवंड्याचे डोळे गेले म्हटलं का टोळी फुटते. जंगू, मंगरू, रामबाई, कोनाकडे जातीन?

किसनराव : बायको बांधते, असं सांगायचं होतं.

पुनाजी : हासले असते तुमी. म्या बी हासलो होतो पयले. मंग तिनं बांधलेल्या भिंतीवर हात फिरवला.

किसनराव : मंग?

पुनाजी : मंग नाई हासलो.

किसनराव : हे पाह्य शकुबाई, तिथं नुसती भिंत नाई बांधायची. तोंडी सवाल असतेत. चुन्याचा मसाला कसा धरते, सांग.

शकुबाई :
पयलं घमेलं चुन्याचं, दूध जसं गाईचं,
दोन घमेले रेतीचे, लेनं जसं माईचं,
पानी घाला जपून, जसं जेवन बाईचं.

किसनराव : परीक्षकापुढे गाशीन का हे?

शकुबाई : गानं पोटात ठेवीन. माप तेवढं तोंडात आनीन. एकाले दोन.

किसनराव : बरं. कोपरा काटकोनात हाय, हे कसं पाह्यते?

शकुबाई : एका भिंतीवर तीन हात मोजतो, दुसरीवर चार. मधातली तिरपी दोरी पाच हात भरली, का कोपरा खरा.

किसनराव : पाचच काऊन भरते? साडेपाच काऊन नाई?

शकुबाई : ते नाई येत.

किसनराव : पाह्य. तिथं हेच विचारतेत.

शकुबाई : म्हणून तं जायचं हाय, साहेब! कसं करायचं, ते यायनं शिकवलं. काऊन करायचं, ते कोनी सांगतलंच नाई. कागद टोळीले पाह्यजे, मान्य. मले ते ‘काऊन’ पाह्यजे. आज गुरुवार. सोमवारपर्यंत तुमी सांगा, मी पाठ नाई करनार, समजून घेईन.

पुनाजी : म्या बी विचारलं होतं एकदा, माह्या उस्तादाले. हेच. पाचच काऊन?

शकुबाई : मले कधी नाई सांगतलं तुमी.

पुनाजी : काय सांगू? त्यानं थापी फेकून मारली. हा कपाळावरचा वण तोच. तू बी हेच विचारशीन, या भेवानं म्या तुले लवकर लवकर शिकवलं.

किसनराव : पुनाजी, तुही ना नाई ना मंग?

पुनाजी : सोमवारच्या मोटारीनं मी बी येतो संग. बाहेर बसून राहीन.

किसनराव : बाईनं बसू नये, असं कागदात कुठं लिहिलं नाई. बसावं, असं बी नाई. सही माही राहीन, कोनी बोललं तं मी पाहीन. नाव, शकुबाई पुनाजी. धंदा... काय लिहू? गवंडीण?

शकुबाई : गवंडीण तं मी हळद लागली तवापासून हाव, साहेब. गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको. तुमी गवंडी लिहा.

किसनराव : गवंडी. घे, लिहिलं. इथं अंगठा लाव. जोरात दाब. अवं, नुसता काळा ठिपका आला. रेघा कुठं हायेत तुह्या?

शकुबाई : चुन्यानं खाल्ल्या.

किसनराव : राहू दे. पुसू नको. तसाच पाठवतो. आता शेवटचा रकाना. नवऱ्याचा धंदा?

शकुबाई : तिथं बी गवंडीच लिहा.

पुनाजी : नाई साहेब. सरकारी कागद हाय, खरं लिहा. मसाला देनारा.