बुधीआजीचा एक पाय पायरीवर

आयाबायांनो, दादांनो, या ठाकरवाडीत मी पाहुणा. पोशीरचा माणूस. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. गाडीत दिवसभर ओरडायची सवय, असं उभं राहून बोलायची नाही; पण बुधीआजी गेली, तिच्याविषयी दोन शब्द बोलतो. सांभाळून घ्या.

माझी गाडी खालच्या फाट्यावर थांबायची. बाजारच्या दिवशी वाडीतली म्हातारी माणसं टेकाडावरून उतरायची. एकट्यानं जायचं नाही, निघायचं तर सगळ्यांनी मिळून, ही तुमची रीत. गाडीला ती रीत कुठली माहीत असायला? ती क्षणभर थांबायची. मग बुधीआजी काय करायची? एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. डोक्यावर करवंदांची पाटी. आणि हलायची नाही.

मी म्हणायचो, "आजी, वर या, नाहीतर खाली उतरा."

"मागं पदी येतेय. तिला नीट दिसत नाय. ती आल्याबिगर मी कशी चढू रं?"

पदीबाई तिची नणंद. या इथं पुढंच बसल्यात. ड्रायव्हर चरफडायचा, माणसं घड्याळं बघायची. आजी ढिम्म.

आणि वर चढल्यावर? सीटा रिकाम्या असल्या तरी ही म्हातारी माणसं खाली बसायची. दाराशी, अंग चोरून. इस्त्रीच्या कपड्यांशेजारी बसायचा संकोच. आजी एकेकाचा दंड धरून उठवायची. "टिकीट काडलंस नवं? मंग वर बस." मग स्वतः खिडकीशी बसून पदीबाईंना बाहेरचं सगळं सांगत जायची. कुणाची लावणी झाली, कुणाच्या दारात मांडव पडला. ऐकता ऐकता मी तिकिटं फाडायचं विसरायचो. फार गोड दिवस होते हो ते.

आज सकाळी पदीबाई मला म्हणाल्या, "आता आमाला कोन नेनार रं? घरीच बरं." मला ते ऐकवलं नाही. म्हातारी माणसं फाट्यावर दिसेनाशी झाली, तर गाडी तरी तिथं कशाला थांबेल?

पदीबाई, येत्या बाजाराला मी फाट्यावर असेन. तुम्ही उतरा, सगळ्यांना घेऊन उतरा. नाही आलात, तर वर वाडीत येऊन बोलावीन. मान हलवलीत, बघितलं मी.

आता जरा वेळ सगळे शांत बसू या.

बुधीआजी, रामराम. तुमची माणसं घरी बसणार नाहीत.