तांबड्या शाईचा शेरा

नाय, अगोदर तुम्हाला कोणी धाडलं ते सांगा. कागद मागाहून. पोलादपूरहून चालत आलात म्हणता — वाटेत घोटाभर चिखल, आणि वहाणा तुमच्या कोऱ्या. काय? पऱ्याच्या पाण्यात धुतल्या? बरं. धुतल्या असतील. बसा. आवडी, पाणी आण गो सूनबाय, गूळ पण आण. महाडच्या कॉलेजचे खेळाचे मास्तर तुम्ही. असाल. मे महिन्यात एक जण खत विकणारा म्हणून आला, चहा प्यायला, आणि आमचा पोर कबड्डीत कुठल्या पायानं चढाई सुरू करतो ते विचारून गेला. खालच्या वाडीचा पाहुणा निघाला! तेव्हा विचारा, पण बेतानं विचारा.

हो, महिपती माझा नातू. हो, मुंबईच्या कॉलेजातनं काढला त्याला, गेल्या साली. वसतिगृहाची भिंत ओलांडली, रखवालदार आडवा आला, ह्यानं ढकलला, म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. दाखल्यावर तांबड्या शाईनं शेरा मारून दिला. मग तुमच्याकडे नाव घातलं, तर तुमचा नियम — असा काढलेला गडी वर्षभर कॉलेजच्या संघात नाय. चांगला नियम हाय. मी तर म्हणतो, कमीच हाय. वर्षात दुसरीकडे खेळला का? नाय. यंदा शिमग्याला देवळापुढं सामना झाला, मी त्याला शेजारी बसवला. आपल्या वाडीचे गडी एकामागून एक बाद होत होते, ह्याचं पाऊल आपसूक उठत होतं — मी नुसतं बघितलं. मग नाय उठलं. कोणाशी भांडण नाय, तंटा नाय. सगळ्या गावाला मी सांगितलंय, मुंबईनं पोर बिघडवला, आता मी सरळ करतोय. — लिहिलंत? काय लिहिलंत? वाचून दाखवा. सही येते मला, वाचायचं जमत नाय.

आणि हा दुसरा कागद? त्याचा जबाब? माझ्या घरात राहतो नि जबाब तुमच्याकडे देतो. वाचा. 'मजेखातर भिंत ओलांडली. घरच्यांचा काही संबंध नाही.' — पुन्हा वाचा. — मजेखातर. असंच लिहिलंय? मजा कसली, मास्तर? गेल्या शिमग्याला गाडीत पोलादपूरपर्यंत उभा राहून आला, देवळापुढं पिशवी टाकली नि तसाच मैदानात उतरला. आमच्याकडे शिमग्याला जी वाडी जिंकते तिचा खांदा पालखीला पहिला. सात वर्षं खालच्या वाडीनं मान नेला, सात वर्षं मी मागनं चाललो. मग कार्ड जाईल नायतर काय —

कोणाचं कार्ड? म्हणालो मी कार्ड? म्हणालो असेन. गावातनं पोस्टात कार्डं जातातच.

लेखणी का थांबवलीत? काय म्हणता — मजेखातर असेल तर तुमची कमिटी आणखी एक वर्ष बसवणार? आणि घरच्यांनी बोलावून घेतला असेल, तसं लिहून दिलं, तर सोडणार? हे अगोदर का नाय सांगितलंत? मला बोलता करायला आलात तुम्ही. मी ओळखलंच होतं. — यंदा त्याचं शेवटचं वर्ष, ठाऊक हाय मला. नंतर कसलं कॉलेज नि कसला संघ. — आज्या आजारी होता म्हणून आला, असं घातलं तर? नको. मी जन्मात अंथरूण धरलेलं नाय. कोण विश्वास ठेवील?

लिहा. कार्ड मी घातलं. पोस्टमननं लिहिलं, शब्द माझे — शिमग्याला आला नायस तर ह्या उंबऱ्याला पाय लावू नको. सुट्टी मागितली असेल पोरानं, दिली नसेल. सामना जिंकला तो. पहिला खांदा मी दिला. आठवड्यानं शेऱ्याचा कागद आला, तेव्हा गावासमोर मी त्याला नाय नाय ते बोललो, आणि तो उभा राहून ऐकत होता. कार्डाचं नाव काढलं नाय त्यानं. मीही नाय. — रखवालदाराला ढकललं ते मात्र त्याचं. ते खोडू नका. बाकीचं माझ्या नावावर घाला.

सही कुठं करायची? हात धरू नका, येते म्हटलं ना. ह — हैबती. झालं.

आता उठा. गूळ राहू दे. तो बघा बांधावर, गवताचा भारा घेऊन येतोय. पुढल्या दारानं नको, मागनं जा, पऱ्याच्या वाटेनं. कोण आलं होतं म्हणून विचारलंन, तर मी सांगेन — खत विकणारा आला होता. जा.