लाडाचं नाव

मी चहा मांडाले कसा शिकलो, ते तुमाले सांगतलं का? भंडाऱ्याहून एक पुस्तक आणलं होतं. रशियाची जुनी कादंबरी, पण नव्या लेखकानं तिच्यात यंत्रमाणसं घुसवलेली. सानगडीले घरी वाचत बसलो अन् डोकं पिकलं. बायकोले म्हटलं, "अवं, इथं एकेकाले तीन-तीन नावं हायेत. माणूस कोण अन् मशीन कोण, समजूनच नाही राहिलं."

ती भाजी निवडता निवडता म्हणे, "सोपं हाय. ज्याले लाडाचं नाव हाय, तो माणूस. माहेरी मी बेबी, लग्नात तुमी नाव ठेवलं सुलोचना, अन् मामा अजून चिंगीच म्हणते. मशीनले लाडानं कोण बोलावन?"

पानं चाळून पाहिली, तं खरंच! एकाही मशीनले लाडाचं नाव नव्हतं. खुशीत म्हटलं, "वा! अवं, आता चहा मांड."

तिनं मान वर केली. "माह्यं नाव तुमी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तवापासून नुसतं 'अवं'. मंग मी कोण?"

मी उठलो. चहा मांडला, कप तिच्यापुढं ठेवला अन् म्हटलं, "बेबी, घे."

तिनं एक घोट घेतला. म्हणे, "मशीन बरी चालते."