हळदीच्या आदल्या दिवशी

नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्यात मंजुळाबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या सासू-सुनेकडे लागलेले.

"आई, हे वाचा. काही देशांत बायकांनी चारचौघांत गाणं म्हटलं तर पोलीस पकडून नेतात."

"आन आपल्याकडं?"

"आपल्याकडे कशाला येतील पोलीस?"

"तुझा सासरा गेला तवापासून हळदीला गायले का मी?"

"ते वेगळं. विधवेनं हळदीला गायचं नाही, ही रीत आहे."

"त्यांचा पोलीस बाहेरनं येतो, दर्शना. आपला घरातच जेवतो."

"मी काय केलं? लोक नावं ठेवतील म्हणून बोलते."

"तुझी कल्पिता म्हणते, आजी गायली नाय तर हळदच लावून घेणार नाय."

"मला नाही बोलली ती."

"तुला कळलं असतं तर आणलं असतंस मला हितं?"

"मी तर फोटोसाठी कवळी बसवायला आणलंय."

"फोटोला तोंड मिटून बसता येतं गं. गायला दात लागतात."

दर्शनानं मोबाईल पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात मंजुळाबाईंचा नंबर पुकारला.

"आधी ह्यांना घ्या," त्या बसल्या जागेवरून सासूकडे बोट दाखवत म्हणाल्या. "माझं तोंड दातांवाचून चालतं."