अप्पांनी मारलेला वजीर

माझं लग्न बुद्धिबळामुळे जुळलं, हे चाकणला आमच्या कंपनीत कुणाला पटतच नाही, राव.

सुवर्णाला बघायला रहाटणीत तिच्या घरी गेलो, तर तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, चहाच्या आधी पटच मांडला. सुवर्णानं मला फोनवर बजावून ठेवलं होतं, "अप्पांना हरलेलं सहन होत नाही. गुपचूप हर."

म्हणून मी सुरुवातीलाच माझा वजीर त्यांच्या घोड्याच्या तोंडी दिला. अप्पांनी तो खुशीत मारला. मग मी एक हत्तीही दिला. पण मारण्याच्या नादात त्यांची सगळी फौज माझ्या बाजूला आली आणि तिकडे राजा उघडा पडला. ते दिसल्यावर माझा हात काही ऐकेना. उंटानं शह दिला, राजा पळाला. उरलेल्या हत्तीनं शह दिला, राजा कोपऱ्यात गेला. मग घोडा आणला आणि मात झाली.

चहा घेऊन दारात आलेल्या सुवर्णानं डोळेच मिटून घेतले.

अप्पांनी मारलेला वजीर उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, वजीर मुद्दाम दिला व्हता का?"

"हो," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

अप्पांनी आत हाक मारली, "अगं, साखर आण. इतका पुढचा इचार करणारा पोरगा शोधून घावायचा न्हाई."

आता दर रविवारी आम्ही खेळतो. मी जीव तोडून खेळतो आणि हरतो. अप्पा सगळ्यांना कौतुकानं सांगतात, "जावई मान राखतो माझा."