समाधीत बसलेले कपालबुवा

चित्रकथा म्हणजे पोरखेळ, असं तू म्हणतोस ना? मग ऐक. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी गिरगावातल्या एका साप्ताहिकात वज्रवीराची चित्रकथा काढायचो. नायक वज्रवीर, पण तो अडला की त्याचा मांत्रिक दोस्त कपालबुवा कवटी फिरवायचा आणि मेलेलेसुद्धा उठायचे.

एकदा लालबागचे गिरणी कामगार थेट कचेरीत घुसले. त्यांच्यातले गावडेमामा संपादकांना म्हणाले, "साहेब, तुमचा बुवा डोंगर हलवतो, मग आम्हाला मुंबई का मिळवून देत नाही? नाहीतर उद्यापासून तुमचा अंक बंद!"

संपादकांना घाम फुटला. नाही म्हणावं तर वाचक जाणार, हो म्हणावं तर पोलीस येणार. मला म्हणाले, "बुवाला समाधीत बसव. डोळे मिटलेला माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो."

बसवला. बाहेर लाठ्या चालल्या, गोळ्या सुटल्या, बुवा आपला डोळे मिटून.

शेवटी मुंबईसह महाराष्ट्र झाला. संपादक ओरडले, "अरे, उठव त्याला!" मी बुवाचे डोळे उघडले, गळ्यात हार घातला आणि तोंडी वाक्य दिलं, "माझी तपश्चर्या फळाला आली!"

अंक घेऊन गावडेमामा हजर. म्हटलं, आता मार खातोय. मामांनी चित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, "हुबेहूब काढलाय हो! कुठल्या पुढाऱ्याला समोर बसवला होता?"